व्हीएचएल आणि ॲड्रिनल ग्रंथी: तपासणी कशी करायची, कोणत्या क्रमाने करायची

व्हॉन हिप्पेल-लिंडाऊ, म्हणजेच व्हीएचएल हा आनुवंशिक आजार असलेल्या माणसाच्या ॲड्रिनल ग्रंथीत (मूत्रपिंडाच्या वर बसलेल्या छोट्या ग्रंथीत) फिओक्रोमोसायटोमा नावाची गाठ होऊ शकते. बोलताना आम्ही तिला नुसतं 'फिओ' म्हणतो. ही गाठ ॲड्रेनलिनच्या जातीची संप्रेरकं रक्तात सोडते. वेळेत सापडली आणि नीट तयारी करून काढली, तर बहुतेकांचा त्रास तिथेच संपतो.

घोळ होतो तो तपासणीत आणि क्रमात. रक्त बसून दिलं जातं. रक्ताचा रिपोर्ट यायच्या आधीच स्कॅन होतो. नाडी जोरात चालते म्हणून बीटा ब्लॉकर आधी सुरू होतो. ऑपरेशन पार पडलं की फाइल कपाटात जाते ती जातेच. ग्रंथींच्या आजारांच्या विभागात नर्स म्हणून काम करताना या चारही चुका मी पुन्हा पुन्हा पाहिल्या आहेत, म्हणून सगळं सलग लिहून ठेवते आहे. औषधं आणि डोस तुमचे डॉक्टर ठरवतील. पण टप्पे तुम्हाला ठाऊक असले, तर चूक होते आहे हे आधी तुमच्याच लक्षात येईल.

## टप्पा १: कोणाची तपासणी, आणि कधी

आई किंवा वडिलांना व्हीएचएल असेल, तर प्रत्येक अपत्याला तो सदोष जनुक मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. मुलगा-मुलगी असा फरक नाही. व्हीएचएल असलेल्यांपैकी साधारण १० ते २० टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी फिओ होतो. काही घराण्यांत हे प्रमाण याहून बरंच जास्त असतं. जनुक चाचणीच्या रिपोर्टमध्ये 'मिसेन्स' प्रकारचा (जनुकातल्या एकाच अक्षराचा) बदल लिहिलेला असेल, तर ॲड्रिनलकडे जास्त बारकाईने बघावं लागतं. जनुकाचा मोठा तुकडाच गळालेला असेल तर धोका कमी असतो, पण शून्य नसतो. तेव्हा त्या आधारावर तपासणी टाळू नका.

मुलांचं बीपी दर भेटीत, अगदी लहानपणापासून मोजावं. मेटानेफ्रिनची तपासणी साधारण वयाच्या ५व्या वर्षापासून दर वर्षी करतात. ॲड्रेनलिनपासून मेटानेफ्रिन आणि नॉरॲड्रेनलिनपासून नॉर्मेटानेफ्रिन तयार होतं. या तपासणीत दोन्ही मोजतात.

"बीपी नॉर्मल आहे, डोकं दुखत नाही, मग कशाला?" हा प्रश्न मला दर आठवड्याला ऐकू येतो. डोकेदुखी, दरदरून घाम, छातीत धडधड ही लक्षणं पुस्तकात असतात. व्हीएचएलमध्ये नियमित तपासणीत सापडणाऱ्या कित्येक गाठींनी तोवर काहीच लक्षण दाखवलेलं नसतं. लक्षणांची वाट बघणं म्हणजे गाठ मोठी होण्याची वाट बघणं.

वार्षिक तपासणी सोडून आणखी दोन वेळा ती करायचीच: कोणत्याही ऑपरेशनच्या आधी आणि गर्भधारणेच्या आधी. दिवस राहिल्यावर व्हीएचएल असल्याचं कळलं, तर लगेच, बाळंतपणाची वाट न बघता.

सावधान: व्हीएचएलमध्ये मेंदूत किंवा मणक्यात हिमँजिओब्लास्टोमा नावाच्या गाठी होतात. तिथली सूज उतरवायला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात. शरीरात न सापडलेला फिओ असेल, तर हेच औषध बीपीचा जीवघेणा भडका उडवू शकतं. न्यूरोसर्जनकडे गेलात की पहिल्याच भेटीत विचारा, "ॲड्रिनलची तपासणी झाली आहे का, ते पाहिलंत का?" मेंदूची गाठ आणि फिओ दोन्ही असले, आणि मेंदूचं काम थांबण्यासारखं असेल, तर सहसा आधी फिओचा बंदोबस्त करतात.

## टप्पा २: औषधांची यादी, निदान दोन आठवडे आधी

घरातली सगळी औषधं टेबलावर काढा आणि कागदावर लिहा. सर्दीची गोळी, नाकाचे थेंब, वजन कमी करायची पावडर, सगळं. लोक डॉक्टरांनी लिहून दिलेलीच औषधं सांगतात, आणि नेमकी दुकानातून आणलेली गोळी रिपोर्ट बिघडवते.

आकडा खोटा वाढवणारी औषधं मुख्यतः ही:

- ॲमिट्रिप्टिलीन आणि त्या गटातली औषधं. ती नैराश्यावर देतात, तशीच नसांच्या दुखण्यावर आणि अर्धशिशीवरही देतात, हे विसरलं जातं.
- व्हेन्लाफॅक्सिन, ड्युलोक्सेटीन.
- सर्दीच्या औषधातलं स्यूडोएफेड्रिन किंवा फेनिलएफ्रिन.
- पार्किन्सनवरचं लेव्होडोपा.
- फेनॉक्सीबेन्झामिन. हे फिओवरचंच औषध, पण चालू असताना तपासणी केली तर नॉर्मेटानेफ्रिन वाढलेलं दिसतं.

पॅरासिटामॉल, लॅबेटॅलॉल आणि सल्फासॅलाझिन यांचं थोडं वेगळं आहे. काही लॅबच्या पद्धतींत ती मोजणीतच अडथळा आणतात. मास स्पेक्ट्रोमेट्रीने मोजणाऱ्या लॅबमध्ये हा त्रास खूपच कमी असतो. म्हणून लॅबला फोन करून दोन प्रश्न विचारा: "मोजणी कोणत्या पद्धतीने करता?" आणि "झोपवून रक्त घेता का?" दुसऱ्या प्रश्नावर पलीकडून "म्हणजे?" असं उत्तर आलं, तर दुसरी लॅब शोधा.

ॲम्लोडिपिनसारख्या बीपीच्या गोळ्यांनी सहसा फारसा फरक पडत नाही.

सावधान: यातलं कोणतंही औषध मनाने बंद करू नका. नैराश्याची काही औषधं एकदम थांबवली तर वेगळाच त्रास सुरू होतो. ती उतरत्या डोसने, डॉक्टरांना विचारूनच थांबवतात. थांबवणं शक्यच नसेल तर औषध चालू ठेवूनच रक्त द्या आणि फॉर्मवर तसं लिहा. तरीही रिपोर्ट नॉर्मल आला तर प्रश्नच मिटला.

## टप्पा ३: आदला दिवस आणि सकाळ

आदल्या दिवशी धावणं, जिम, जड ओझं उचलणं नको. रात्रीच्या जेवणानंतर ८ ते १२ तास उपाशी राहा. पाणी भरपूर प्या, त्याला काही आडकाठी नाही. चहा, कॉफी, सिगारेट, तंबाखू सकाळपासून अजिबात नको. 'अर्धाच कप घेतला' म्हणणारे असतात. तो अर्धा कपही सांगा, लपवू नका.

ताप असेल, जुलाब असतील, कुठे जोराचं दुखत असेल, तर तारीख पुढे ढकला. आजारी शरीर ही संप्रेरकं स्वतःहूनच जास्त सोडतं.

लहान मुलाला किती वेळ उपाशी ठेवायचं हे डॉक्टरांना विचारा. सुईच्या जागी बधिर करणारं मलम तासभर आधी लावलं तर फार फरक पडतो. रडून लाल झालेल्या मुलाचं रक्त या तपासणीच्या उपयोगाचं नसतं.

## टप्पा ४: रक्त देताना

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून हा टप्पा सावकाश वाचा.

एका तरुणीचा रिपोर्ट मला अजून आठवतो. लिफ्ट बंद होती, ती तीन जिने चढून आली, उशीर झाला म्हणून धापा टाकत खुर्चीत बसली आणि तिथेच तिचं रक्त घेतलं गेलं. नॉर्मेटानेफ्रिन वरच्या मर्यादेच्या पावणेदोन पट आलं. तिच्या आईचं फिओचं ऑपरेशन झालेलं होतं, त्यामुळे घरात सगळ्यांनी निदान झालंच असं धरलं. तीन आठवडे त्या मुलीने नीट जेवण घेतलं नाही. मग आमच्याकडे तिला अर्धा तास झोपवून पुन्हा रक्त घेतलं. आकडा चक्क नॉर्मल आला. गाठ नव्हतीच. होते ते तीन जिने आणि एक खुर्ची.

उभं राहिल्यावर, बसल्यावर, शरीर बीपी सांभाळण्यासाठी नॉरॲड्रेनलिन सोडतं. आडवं झाल्यावर ते उतरतं, पण त्याला वेळ लागतो. म्हणून क्रम असा:

1. आधी लघवीला जाऊन या. मध्येच उठावं लागलं तर घड्याळ पुन्हा शून्यापासून.
2. पलंगावर आडवं झाल्यावर हातात इंट्राकॅथ, म्हणजे सलाइन लावताना बसवतात ती सुई, लावून घ्या. टोचणं आधीच उरकतं, नंतरचं रक्त न टोचता काढता येतं.
3. सरळ, पाठीवर झोपा. पातळ उशी चालेल. पांघरूण घ्या, कारण थंडी वाजली तरी आकडा वाढतो. फोन दुसऱ्या कोणाकडे द्या.
4. निदान २० मिनिटं, जमल्यास ३० मिनिटं तसंच पडून राहा. झोप लागली तर उत्तमच.
5. वेळ झाली की उठून बसू नका. झोपूनच, त्या सुईतून रक्त काढू द्या. "जरा उठून बसा, नस नीट दिसत नाही" असं कोणी म्हणालं तर नम्रपणे नकार द्या.
6. नळी लगेच बर्फात जायला हवी आणि लॅबने प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, लवकर वेगळा करायला हवा. नळी खोलीत टेबलावर पडून राहिली असेल तर विचारा.
7. फॉर्मवर लिहून घ्या: 'झोपून, ३० मिनिटं, उपाशी', आणि चालू औषधं.

तपासून पाहा: रिपोर्टवर दिलेली नॉर्मल मर्यादा झोपून घेतलेल्या रक्ताची आहे की बसून घेतलेल्या? बसून घेतलेलं रक्त नॉर्मल आलं तर सहसा ते पुरतं. बसून घेतलेलं वाढलेलं आलं तर झोपून पुन्हा करायचं, आणि तोवर कुठलाही निष्कर्ष काढायचा नाही.

### रक्ताऐवजी २४ तासांची लघवी

झोपवून रक्त घेण्याची सोय नसेल तर हा चांगला पर्याय आहे. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्या आणि ती वेळ लिहा. तिथून पुढची प्रत्येक लघवी कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची पहिली लघवीसुद्धा. बहुतेक जण सुरुवातीची धरतात आणि शेवटची विसरतात, नेमकं उलट. एकदा जरी बाहेर गेली तरी नव्या कॅनने पुन्हा सुरू करा.

कॅनच्या तळाशी बऱ्याचदा आम्ल असतं. ते ओतून टाकू नका, कॅन धुऊ नका, थेट कॅनमध्ये लघवी करू नका. वेगळ्या भांड्यात घेऊन सावकाश ओता, आणि कॅन मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा. सोबत क्रिएटिनिनही मोजायला सांगा. जमा केलेली लघवी पूर्ण आहे की नाही हे त्यावरून कळतं.

## टप्पा ५: रिपोर्ट वाचणं

रिपोर्टवर दोन नावं शोधा: मेटानेफ्रिन आणि नॉर्मेटानेफ्रिन. व्हीएचएलमधल्या गाठी मुख्यतः नॉरॲड्रेनलिन बनवतात. त्यामुळे नॉर्मेटानेफ्रिन वाढलेलं आणि मेटानेफ्रिन नॉर्मल, असं चित्र दिसतं. मेटानेफ्रिन नॉर्मल आहे एवढंच बघून सुटकेचा श्वास सोडू नका.

नीट घेतलेल्या नमुन्यात दोन्ही नॉर्मल असतील तर संप्रेरकं सोडणारी गाठ असण्याची शक्यता फारच कमी. वरच्या मर्यादेच्या तीन-चार पटींहून जास्त असेल तर गाठ असण्याची शक्यता दाट. अडचण मधल्या आकड्यांची. तिथे पहिलं पाऊल स्कॅन हे नाही. पहिलं पाऊल म्हणजे टप्पा २ ते ४ नीट पाळून पुन्हा रक्त देणं. पुन्हाही आकडा मधलाच आला तर डॉक्टर क्लोनिडीन चाचणी सुचवू शकतात. तीत गोळी देऊन ठरावीक वेळाने नॉर्मेटानेफ्रिन पुन्हा मोजतात. ४० टक्क्यांहून जास्त उतरलं तर गाठ नसण्याकडे कौल जातो.

नॉर्मेटानेफ्रिन वयाबरोबर थोडं वाढतं, म्हणून मर्यादा वयानुसार असावी. दोन लॅबच्या आकड्यांची सरळ तुलना करू नका, एककं वेगळी असू शकतात. दर वर्षी शक्यतो एकच लॅब धरा. एकट्या आकड्यापेक्षा त्याची चाल जास्त सांगते: नॉर्मलच्या आतच, पण तीन वर्षं सारखा वर सरकणारा आकडा डॉक्टरांना मुद्दाम दाखवा.

## टप्पा ६: प्रतिमा, पण रक्तानंतर

पोटाचा एमआरआय व्हीएचएलमध्ये साधारण १५व्या वर्षापासून दर दोन वर्षांनी करतात, कारण मूत्रपिंड आणि स्वादुपिंडही बघायचं असतं. आयुष्यभर स्कॅन करायचे असल्याने किरणोत्सार नसलेला एमआरआय बरा. मेटानेफ्रिन वाढलेलं असेल तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता तो लगेच करतात. उलट, अगदी लहान गाठ रक्तात दिसत नाही आणि एमआरआयवर दिसते, असंही होतं. म्हणून दोन्ही हवेत, एकाने दुसऱ्याची जागा भरत नाही.

स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरांना 'व्हीएचएल आहे' हे कळलंच पाहिजे. फॉर्मवर ठळक लिहून घ्या. दोन्ही बाजूंच्या ॲड्रिनल पाहायला सांगा, कारण गाठी दोन्हीकडे असणं व्हीएचएलमध्ये नवलाचं नाही. ॲड्रिनलच्या बाहेरही, पोटात किंवा मानेत, तशाच गाठी असू शकतात. तशी शंका आली तर पेट स्कॅन लागतो. व्हीएचएलमध्ये त्यासाठी टोचायच्या पदार्थांपैकी फ्लुओरोडोपा चांगलं काम करतं.

त्याच एमआरआयमध्ये स्वादुपिंडात पाण्याच्या गाठी दिसल्या तर घाबरू नका. त्या व्हीएचएलमध्ये पुष्कळांना असतात आणि बहुधा काही करावं लागत नाही. घट्ट गाठ दिसली तर मात्र तिचं माप लिहून ठेवा. साधारण ३ सेंटिमीटरच्या पुढे गेलेल्या किंवा झपाट्याने वाढणाऱ्या गाठीबद्दल शल्यचिकित्सकाशी बोलावं लागतं.

सावधान: ॲड्रिनलमध्ये गाठ दिसली म्हणून सुई घालून तुकडा काढू देऊ नका. ती फिओ असेल तर सुईच्या धक्क्यानेच बीपी अचानक आकाशाला भिडू शकतं. मेटानेफ्रिनचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय बायोप्सीचा विषय निघाला, तर सरळ "नाही" म्हणा आणि दुसरं मत घ्या.

## टप्पा ७: ऑपरेशनआधी औषधं, आधी अल्फा मग बीटा

फिओ नक्की झाला की बीपी नॉर्मल असलं तरी अल्फा ब्लॉकर देतात: फेनॉक्सीबेन्झामिन, डॉक्साझोसिन किंवा प्राझोसिन. हे ऑपरेशनआधी निदान ७ ते १४ दिवस चालू हवं. गाठीला हात लागला की तिच्यातून संप्रेरकांची लाट उसळते. अल्फा ब्लॉकर त्या लाटेला रक्तवाहिन्या आवळू देत नाही.

नाडी फार वाढली तर बीटा ब्लॉकर जोडतात, पण अल्फा सुरू होऊन काही दिवस गेल्यावरच. उलटा क्रम घातक आहे. बीटा ब्लॉकर रक्तवाहिन्या सैल होण्याची वाट बंद करतो, आवळण्याची वाट मोकळीच राहते, आणि बीपी उतरायच्या ऐवजी उसळतं. धडधडीसाठी म्हणून कोणी प्रोप्रॅनोलॉल आधीच लिहून दिलं असेल, तर ते आजच तुमच्या डॉक्टरांना सांगा.

अल्फा सुरू झाल्यावर दोन गोष्टी वाढवायला सांगतात, मीठ आणि पाणी. बीपीवाल्याला आयुष्यभर 'मीठ कमी' ऐकायची सवय असते, त्यामुळे लोक हे पाळत नाहीत. आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल झाल्या की आतलं रक्त अपुरं पडतं, उठताना चक्कर येते. मीठ-पाणी त्यासाठी. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर किती घ्यायचं हे विचारूनच.

रोज तपासा: बीपी सकाळ-संध्याकाळ, आधी बसून, मग उभं राहून. साधारण ध्येय असं: बसून १३०/८० च्या खाली, उभं राहून वरचा आकडा ९० च्या वर. नाक चोंदणं आणि उठताना जरा गरगरणं म्हणजे औषध लागू पडतंय. पडायला झालं तर लगेच फोन करा.

या दिवसांत मेटोक्लोप्रमाइड, हे उलटीवरचं अगदी साधं औषध, वर्ज्य. तातडीच्या विभागात ते पटकन टोचलं जातं. खिशात चिठ्ठी ठेवा: 'फिओक्रोमोसायटोमा आहे. मेटोक्लोप्रमाइड, स्टेरॉइड, बीटा ब्लॉकर विचारल्याशिवाय देऊ नये.'

## टप्पा ८: किती काढायचं, हे आधी विचारा

गाठ सहसा दुर्बिणीतून काढतात. प्रश्न असा की गाठच काढायची की सगळी ग्रंथी? व्हीएचएलमध्ये आज ना उद्या दुसऱ्या बाजूलाही गाठ होऊ शकते. म्हणून शक्य असेल तिथे ग्रंथीचा निरोगी भाग राखतात. त्या भागात पुन्हा गाठ होण्याची थोडी शक्यता राहते, पण दोन्ही ग्रंथी पूर्ण गेल्या तर आयुष्यभर स्टेरॉइडवर राहावं लागतं. ग्रंथी राखण्याची शस्त्रक्रिया तुमच्या सर्जनने किती वेळा केली आहे, हे विचारायला संकोचू नका.

ऑपरेशननंतर पहिले एक-दोन दिवस बीपी आणि साखर दोन्ही घसरू शकतात. नातेवाइकांनी एवढंच बघायचं की साखरही मोजली जाते आहे ना.

## टप्पा ९: घरी आल्यावर

दोन्ही ग्रंथी पूर्ण काढल्या असतील तर हायड्रोकॉर्टिसोन आणि फ्लुड्रोकॉर्टिसोन रोज, आयुष्यभर. एक दिवसही चुकवायचं नाही. ताप आला की हायड्रोकॉर्टिसोनचा डोस दुप्पट-तिप्पट करावा लागतो. नेमका किती, हे डॉक्टरांकडून लेखी घ्या आणि फ्रिजच्या दारावर लावा. उलट्यांमुळे गोळी टिकत नसेल तर १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन घेऊन थेट रुग्णालयात. इंजेक्शन घरात हवं, आणि घरातल्या निदान दोघांना ते देता यायला हवं. ते शिकायला ऑपरेशनआधीच या, नंतर कोणाचं लक्ष लागत नाही.

ग्रंथीचा भाग राखला असेल तरी तो पुरेसं काम करतो आहे की नाही, हे कॉर्टिसोलच्या (ॲड्रिनलच्याच एका संप्रेरकाच्या) तपासणीने बघतात. अनावर थकवा, भूक मेलेली, उठताना चक्कर, असं काही वाटलं तर अशक्तपणा म्हणून अंगावर काढू नका.

ऑपरेशननंतर २ ते ६ आठवड्यांनी मेटानेफ्रिनची तपासणी पुन्हा होते. तेव्हाही सगळं तसंच: उपाशी, इंट्राकॅथ, पांघरूण, झोपून ३० मिनिटं, नळी बर्फात. हा आकडा तारीख आणि लॅबच्या नावासकट फाइलच्या पहिल्या पानावर लिहा. पुढच्या वर्षीचा, आणि त्यापुढच्या प्रत्येक वर्षीचा आकडा डॉक्टर त्याच्याशीच ताडून बघणार आहेत.